दोन घड्याळांचे बिऱ्हाड

परदेशी स्थायिक झालेल्या ज्या मराठी दांपत्यांनी मायदेशातून मूल दत्तक घेण्याचा संकल्प सोडला, ज्यांची कागदपत्रे दोन देशांच्या दफ्तरांतून हिंडून अखेरच्या मुक्कामाला आली, आणि मूल कुशीत आले तरी पारपत्र हाती न आल्यामुळे ज्यांना जालन्यासारख्या गावी काही आठवडे, क्वचित काही महिने, बिऱ्हाड मांडून राहावे लागणार आहे, त्यांच्यासाठी हे चार शब्द लिहीत आहे. कायदा त्यांना वकील समजावतील, कोणत्या नमुन्यावर कुठे सही करावयाची ते संस्थेतील समाजसेविका सांगेल; परंतु सकाळी उठल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंतचा दिवस कसा काढावा, हे सांगणारे सहसा कुणी भेटत नाही.

माझी उभी हयात महसूल खात्याच्या कारकुनीत गेली, आणि निवृत्तीनंतर जुन्या जालन्यातील आमच्या घराच्या माडीवर अशी तीन बिऱ्हाडे निरनिराळ्या वर्षी राहून गेली. कागद कसा चालतो हे मला नोकरीने शिकवले होते. त्या कागदाची वाट पाहताना घरात काय काय घडते हे माडीवरून येणाऱ्या आवाजांनी शिकवले. एवढ्या भांडवलावर एकच गोष्ट आग्रहाने सांगू इच्छितो. या काळात घरात दोन घड्याळे चालू असतात, एक कचेरीचे आणि एक बाळाचे. पहिल्याच्या काट्यांवर दुसरे लावण्याचा मोह ज्यांना आवरला, त्यांचे दिवस त्यातल्या त्यात सुखाने गेलेले मी पाहिले.

कचेरीचे घड्याळ मंद का चालते हे समजले, तर निम्मा संताप आपोआप शमतो. परदेशी दत्तकाच्या मिषाने मुलांचा व्यापार होतो, अशी तक्रार करणारे एक पत्र लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयास लिहिले. त्या पत्रासच याचिका मानून न्यायमूर्ती भगवती यांनी १९८४ साली जो निर्णय दिला, त्याने या देशातील परदेशी दत्तकाला पहिली शिस्त लागली. पुढे १९९० मध्ये केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली 'कारा', स्थापन झाली. १९९३ च्या हेग कराराला भारताने २००३ मध्ये मान्यता दिली. आणि २०१५ च्या बालन्याय अधिनियमाने व २०२२ च्या दत्तक नियमावलीने आजची वाट आखून दिली. टाकलेले तान्हे मूल दत्तकासाठी मोकळे आहे असे बालकल्याण समितीने ठरवण्यापूर्वी त्याच्या आईबापांचा शोध घ्यावा लागतो, आणि आईने स्वतः मूल सुपूर्द केले असेल तर तिला फेरविचारासाठी ६० दिवस द्यावे लागतात. आपल्याला जो विलंब वाटतो, तो कुणा अनोळखी बाईला मिळालेला अवधी असतो, हे ध्यानात ठेवलेले बरे.

आपण या साखळीच्या कोणत्या कडीवर उभे आहोत, हे रोज रात्री एकमेकांना विचारत बसण्यापेक्षा एका मोठ्या कागदावर लिहून भिंतीला लावावे: राहत्या देशातील गृहभेटीचा अहवाल, मुलाच्या माहितीचा व प्रकृतीचा अहवाल आणि त्यावरील आपली स्वीकृती, त्या देशाची संमती, कारेचे ना-हरकत पत्र, दत्तकाचा हुकूम, आपली नावे आईवडील म्हणून घातलेला जन्मदाखला, हेग कराराच्या २३ व्या कलमाखालील प्रमाणपत्र, मुलाचे भारतीय पारपत्र, आणि सरतेशेवटी जावयाच्या देशाचा व्हिसा. दत्तकाचा हुकूम पूर्वी न्यायालय देत असे. १ सप्टेंबर २०२२ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने तो अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे सोपवला. आपले प्रकरण प्रत्यक्षात कोणासमोर चालणार हे संस्थेला पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे, म्हणजे न्यायालयाच्या उन्हाळी सुट्टीची धास्ती घ्यावयाची की जिल्हाधिकाऱ्यांच्या दौऱ्याची, ते कळते. महसुली कचेरीच्या बाबतीत घरचा अनुभव सांगतो. निवडणूक जाहीर झाली, अथवा अतिवृष्टीने सोयाबीन-कपाशी बुडून पंचनाम्यांचे हुकूम सुटले, की अव्वल कारकुनापासून शिपायापर्यंत सारी कचेरी त्या कामाला जुंपली जाते. त्या पंधरवड्यात तगादा लावून फारसे काही निष्पन्न होत नाही. तेवढे दिवस कागद भिंतीवर राहू द्यावा आणि आपण बाळाकडे वळावे.

आणखी एक मुभा पुष्कळांना ठाऊक नसते. कारेचे ना-हरकत पत्र मिळाल्यानंतर, हुकूम व्हावयाचा बाकी असतानाही, हमीपत्र लिहून देऊन मूल तात्पुरते आपल्या सांभाळात घेता येते; मात्र भारताच्या हद्दीत. ज्यांना रजा मिळू शकते त्यांनी ही संधी दवडू नये. घाईने येऊन आठ दिवसांत मूल उचलून नेण्यापेक्षा, त्याच्या ओळखीच्या हवेत, ओळखीच्या भाषेत, महिना-दीड महिना त्याच्यासह राहणे किती हिताचे, हे पुढे त्या परक्या देशातील पहिल्या हिवाळ्यात कळते.

मुक्कामाचे घर निवडताना नवे जालना की जुने, याचा काथ्याकूट करू नये. कुंडलिका नदीच्या दोन्ही तीरांना रिक्षा मिळतात आणि दोन्हीकडे धूळ सारखीच आहे. तीन गोष्टी मात्र पाहाव्या. पाण्याची टाकी मोठी आहे काय, कारण नळ रोज येईल असे या शहरात कुणी गृहीत धरत नाही. छत थेट उन्हात तापते काय, कारण एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो आणि पत्र्याखाली तान्हे मूल राहू शकत नाही. आणि बालरोगतज्ज्ञ रिक्षेच्या दहा मिनिटांत गाठता येतो काय. हॉटेलात राहू नये असे माझे मत आहे, कारण तेथे पेज शिजवता येत नाही आणि मुलाला घर म्हणजे काय हे कळत नाही. ज्यांच्यापाशी परदेशी पारपत्र आहे, त्यांच्या आगमनाची वर्दी घरमालकाने २४ तासांच्या आत पोलिसांकडे द्यावयाची असते. सख्खा काका घरमालक असला तरी हा नियम सुटत नाही. जाताना चौकशी नको, म्हणून आल्या दिवशीच ते उरकावे.

आता बाळाच्या घड्याळाकडे येतो, आणि येथे थोडा रेंगाळणार आहे.

संस्थेतील मुलाचा दिवस आखलेला असतो. दूध अमक्या वेळी, अंघोळ तमक्या वेळी, दुपारची झोप सर्वांची एकदम. मूल घरी आणण्यापूर्वी संस्थेत दोन-तीन दिवस सकाळपासून सायंकाळपर्यंत बसून हा क्रम डोळ्यांनी पाहावा आणि वहीत उतरवून घ्यावा: कोणत्या डब्यातील दूध, किती पाण्यात किती चमचे, बाटली की वाटी-चमचा, झोपवताना थोपटतात की झुलवतात, पालथे निजते की कुशीवर, दिवा चालू असतो की नाही. परदेशातून बॅगा भरभरून आणलेले दुधाचे डबे पहिले तीन आठवडे उघडू नयेत. माणसे बदलली, घर बदलले, त्यात अन्न तरी तेच राहू द्यावे. पाणी खळखळून उकळून निववलेलेच वापरावे, मग ते नळाचे असो, टँकरचे असो वा बंद बाटलीचे.

ज्यांच्या वाट्याला दोन-चार वर्षांचे मूल येते, आणि परदेशी जाणाऱ्या मुलांत तान्ह्यांपेक्षा थोरलीच पुष्कळ असतात, त्यांनी पहिल्या रात्रीची विशेष तयारी ठेवावी. पंधरा-वीस मुलांच्या श्वासोच्छ्वासात आजवर निजलेल्या मुलाला, आपण मोठ्या हौसेने सजवलेली स्वतंत्र, शांत, काळोखी खोली भयाण वाटते. आमच्या माडीवरच्या पहिल्या बिऱ्हाडाने सुंदर लाकडी पलंग आणवला होता. तीन वर्षांची ती पोर तीन रात्री दाराच्या उंबऱ्याला टेकून बसल्या जागी झोपली. चौथ्या दिवशी माझ्या पत्नीने वर जाऊन पलंग भिंतीला उभा केला, जमिनीवर एक लांबरुंद गोधडी अंथरली आणि तिघांनाही तिच्यावर निजावयास सांगितले. त्या रात्री माडी शांत होती.

अशी मुले अधाशासारखी जेवतात, भाकरीचा तुकडा उशाखाली दडवून ठेवतात, पोट भरले तरी ताट सोडत नाहीत. त्यांना रागावू नये, आणि उशाखालचा तुकडा त्यांच्यादेखत काढूही नये. एका डब्यात मुरमुरे किंवा चिक्की भरून तो डबा त्यांच्या हाताला येईल अशा फळीवर ठेवावा व तो कधीच रिता होऊ देऊ नये. चार-सहा आठवड्यांत मूल आपण होऊन तिकडे पाहीनासे होते. जेवण साधे असावे: मऊ भात आणि मुगाच्या डाळीचे वरण, दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, ताकातली कण्यांची आंबील. जालन्याची मोसंबी नावाजलेली, तिला भौगोलिक मानांकनही मिळालेले. तेव्हा शेजारपाजारचे लोक प्रेमाने रसाचा पेला घेऊन येणारच. वर्षाच्या आतील बाळाला तो रस देऊ नये, आणि मधाचे बोट तर मुळीच चाटवू नये, वडीलधाऱ्यांनी कितीही आग्रह केला तरी. नकार द्यावयाचा संकोच वाटल्यास डॉक्टरांवर ढकलावे. त्यांची त्याला हरकत नसते.

मुलाला ज्या बाईने आजवर वाढवले तिला ते 'मावशी' म्हणते. नव्या आईला या शब्दाचा थोडा मत्सर वाटतो. तो वाटू द्यावा, पण मुलासमोर दिसू देऊ नये. मावशीला भेटवले की मूल पुन्हा रडेल, म्हणून संस्थेकडे फिरकूच नये, असा सल्ला काही हितचिंतक देतात. माझे मत याच्या अगदी उलट आहे. मावशीने स्वतःच्या हाताने मूल आईच्या कडेवर द्यावे, 'ही तुझी आई, आता हिच्याकडे राहायचं' असे तिच्या तोंडून मुलाने ऐकावे, आणि आठवड्याने एकदा तिने माडीवर येऊन चहा घेऊन जावा. रडणाऱ्या मुलाला आपण काय हरवले ते कळते, म्हणून ते रडते. न रडणाऱ्या मुलाची मला अधिक काळजी वाटते. मावशीकडून आणखी एक वस्तू मागून घ्यावी, मुलाचे अंगावरचे किंवा अंथरुणातले एखादे जुने फडके, आणि ते धुऊ नये. त्या वासाची किंमत आपल्याला कळत नाही, त्याला कळते.

घरात मराठी बोलावे. परदेशात वीस वर्षे काढलेली मंडळी नकळत इंग्रजीत भांडतात आणि इंग्रजीतच लाडही करतात. निदान हा महिनाभर तरी दोन्ही गोष्टी मायबोलीत कराव्या. तिसऱ्या बिऱ्हाडातील सूनबाई स्पेनच्या होत्या. त्यांनी येण्यापूर्वीच पाणी, दूध, भूक, शू, ये, झोप, दुखतंय, झालं अशी दहा-बारा शब्दांची शिदोरी पाठ करून आणली होती, आणि त्यांचा उच्चार ऐकून मूल पहिल्यांदा हसले ते त्या 'दुखतंय' या शब्दाला.

दोन घड्याळांची गल्लत टाळण्याचा उपाय साधा आहे. कचेरीची कामे दोघांपैकी एकानेच, आठवड्यातून ठरलेल्या दोन दिवशी, अकरा ते एकच्या दरम्यान पाहावी. दुसऱ्याने घर सोडू नये. बोलावणे असेल तेवढ्याच दिवशी मूल कचेरीत न्यावे, आणि त्या दिवशी त्याची झोप सांभाळण्यासाठी वेळ मागून घ्यावी. तान्हे मूल पाहून आमचा सर्वांत खडूस शिरस्तेदारही फाईल वर काढीत असे, पण त्यासाठी मुलाला रोज व्हरांड्यात बसवणे माणुसकीला धरून नाही. संध्याकाळी सहानंतर कागदाचा विषय घरात काढू नये. पहिल्या बिऱ्हाडातील गृहस्थ रात्री जेवतानाही फोनवर पारपत्राची स्थिती पाहत बसत. पोर बापाच्या हातातील उजेडाकडे पाहत जेवायची थांबे.

कागदांविषयी कारकुनाच्या अधिकाराने एवढेच बजावतो, की नावे पाहा. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव ही आपली तिपेडी पद्धत परदेशी नमुन्यांत नीट बसत नाही. कुठे मधले नाव पहिल्याला चिकटते, कुठे गळूनच पडते, आणि पत्नीचे माहेरचे नाव एखाद्या जुन्या पदवीपत्रावरून डोके वर काढते. हुकूम, जन्मदाखला आणि पारपत्र या तिन्हींत आईचे, वडिलांचे व मुलाचे नाव आणि जन्मतारीख अक्षरशः एकसारखी हवी. हुकमाचा मसुदा दाखल होण्यापूर्वी इंग्रजी स्पेलिंगसह तो स्वतः दोनदा वाचावा. एका बिऱ्हाडाच्या हुकमात एका 'ए' ची चूक राहिली, आणि ती दुरुस्त होऊन येईपर्यंत माडीवरच्या कॅलेंडराचे एक पान उलटले. पैसे नियमावलीत ठरवून दिलेलेच, संस्थेच्या खात्यात आणि पावती घेऊन द्यावे. 'देणगी' हा शब्द कुणी काढला तर नम्रपणे लेखी मागणी मागावी, म्हणजे विषय तेथेच मिटतो.

प्रकृतीच्या कागदात दोन बाबी आवर्जून लिहवून घ्याव्या, कारण तिकडच्या डॉक्टरांना त्या चटकन उमगत नाहीत. आपल्याकडील बहुतेक बाळांच्या कमरेवर व नितंबांवर जन्मतःच निळसर-करडे डाग असतात. ज्यांनी ते पाहिलेले नसतात, त्यांना ते मारहाणीचे वळ वाटू शकतात. दुसरी बाब दंडावरील बीसीजीच्या व्रणाची. ती लस टोचलेली असल्यामुळे क्षयाची त्वचाचाचणी होकारार्थी येऊ शकते, म्हणून लसीकरणाचे मूळ कार्ड जवळ असावे आणि त्याची छायाप्रत निराळी ठेवावी.

नातेवाइकांचा प्रश्न कागदांहून बिकट. 'कुणाचं गं हे?', 'जात कोणती असेल?' असे प्रश्न दारात येतात, आणि ते दुष्टपणाने नव्हे, सवयीने येतात. 'आमचं आहे' एवढ्या दोन शब्दांपुढे उत्तर लांबवू नये. मुलाचा पूर्ववृत्तांत ही त्याची मालमत्ता आहे. ते मोठे झाल्यावर त्याने ती कुणाला दाखवावयाची ते ठरवावे, आपण ती ओसरीवर उधळू नये. अशा मुलाची ओळख उघड करण्यास बालन्याय अधिनियमाच्या ७४ व्या कलमान्वये मनाई आहे, तेव्हा कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर छायाचित्र टाकण्याची घाई नको. चुलतभावांचा राग मी माझ्या अंगावर घेतो. बारशाला पन्नास पाने मांडण्याऐवजी आजी-आजोबा आणि मावशी एवढ्यांच्या उपस्थितीत नाव ठेवावे. संस्थेत ज्या नावाने हाक मारीत, ते नाव पुसून टाकू नये. मधले म्हणून, नाहीतर लाडाचे म्हणून राहू द्यावे.

येथे एक इशारा देणे भाग आहे. भावाचे किंवा बहिणीचे मूल १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने घ्यावे, होम करावा, दत्तकपत्र नोंदवावे आणि विमान पकडावे, असा बेत आमच्या भागात अजूनही होतो. ते दत्तक कायदेशीर असेल; पण परदेशी नेण्यासाठी तेवढे पुरत नाही. नात्यातल्या मुलासाठीही कारेचे ना-हरकत पत्र लागते, आणि मूल ज्या देशात न्यावयाचे त्याचे नियम निराळे पाळावे लागतात. अंबडच्या एका घरी दत्तकविधानाच्या पंगती उठल्यावर हे कळले, आणि मूल तीन वर्षे आजीपाशीच राहिले.

आमच्या गावाविषयी 'जालना, सोने का पालना' अशी एक जुनी दखनी म्हण आहे. ती बाजारपेठेच्या भरभराटीची आहे, पाळण्याशी तिचा काडीचाही संबंध नाही. तरी निघण्यापूर्वी एखाद्या सकाळी मुलाला घेऊन गाव पाहावे. मोती तलावाचा काठ, घनसावंगी तालुक्यातील समर्थांचे जन्मस्थान जांब, राजूरचा गणपती, मोसंबीची एखादी बाग. तेथे छायाचित्रे काढावी, तारखा लिहाव्या, संस्थेच्या दाराचेही छायाचित्र घ्यावे. पंधरा वर्षांनी ते मूल 'मी कुठून आलो?' असे विचारील तेव्हा जिल्ह्याचे नाव पुरत नाही. एखादा रस्ता, एखादे झाड, एखादा दरवाजा दाखवावा लागतो.

प्रवासाचा पहिला टप्पा जितका लहान तितका बरा. चिकलठाण्याचा विमानतळ पन्नास-साठ किलोमीटरांवर आहे, मुंबईला थेट आगगाडी आहे आणि समृद्धी महामार्गही जालन्यावरूनच जातो. परंतु ज्या मुलाने मोटार क्वचितच पाहिली त्याला घाटातली वळणे सोसत नाहीत. म्हणून आधीच्या आठवड्यात बदनापूरपर्यंत दोन-तीन चकरा मारून पाहाव्या. मूळ कागद हातातल्या पिशवीत, नकला मोठ्या बॅगेत. अमेरिकेत जाणाऱ्यांचे दत्तक हेग विधीने भारतातच पूर्ण झालेले असल्यास मुलाला तेथे उतरताच नागरिकत्व लाभते. अन्य देशांचे नियम आपापल्या वकिलातीतून लेखी घ्यावे. प्रगतीचे अहवाल दोन वर्षे द्यावयाचे असतात, पहिल्या वर्षी दर तिमाहीस आणि दुसऱ्या वर्षी दर सहामाहीस. त्यांच्या तारखा भिंतीवरच्या त्या जुन्या कागदाच्या पाठीवर लिहून तो कागद घडी करून बरोबर न्यावा.

तिकडे पोहोचल्यावर पहिले आठ-दहा दिवस मूल मध्यरात्री टक्क जागे होईल आणि भाकरी मागेल. त्याचे घड्याळ अजून इकडचे असते. त्याला दटावून निजवू नये, दिवा लावून पेज गरम करावी. हिवाळ्यात शिकागोस रात्रीचे दोन वाजतात तेव्हा जालन्यात दुपारचे दीड वाजलेले असतात. आजीचे जेवण आटोपलेले असते, आणि फोन तिच्या उशाशीच असतो.